आखाजीला कुंदामावशी नव्हती

आमच्या गल्लीतल्या कोणाचाही आवाज मला काढता येतो. आमच्या दोराच्या दुकानातले नाना, माठवाला मगनकाका, सांजोऱ्या विकणारी शेवंताबाई. गिऱ्हाईक हसतं आणि ते तिघे मला मारायला धावतात. पण माझा हातखंडा कुंदामावशीच्या आवाजात. अमळनेरच्या बाजारात अगदी आमच्या समोर तिचं बांगड्यांचं दुकान. नव्या नवरीचा हात धरला की तिचा आवाज तुपात बुडतो, "सैल सोड गं राणी, हात आहे का लाकूड?" सासूसोबत आलेल्या सुनेसाठी आवाज वेगळा, म्हातारीसाठी आणखी वेगळा. भरताना बांगडी फुटली तर तिचे पैसे नाहीत. "फुटली ती कासाराची," म्हणत ती तुकडे सुपात टाकते.

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण आधी मावशीकडे हात भरतात. मग समोर आमच्याकडे झोक्याचा दोर, पलीकडे मगनकाकाची घागर, जाता जाता शेवंताबाईच्या सांजोऱ्या. सुरतहून, नाशिकहून आलेल्या या लेकींच्या जिवावर आमच्या गल्लीचा अख्खा उन्हाळा निघतो.

मावशीचं माहेर साक्रीकडचं. लग्नानंतर ती एकाही आखाजीला तिकडे गेली नाही, जाणार कशी? तिची आई भिकुबाई दरवर्षी फोनवर विचारायची, "औंदा तरी येशी का वं?" मावशी म्हणायची, "देखू माय." हा तिचा फोनवरचा आवाज मात्र मला कधी जमला नाही. बारीक, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलीसारखा.

यंदाही फोन आला. भिकुबाईने कैऱ्यांचं विचारलं, मावशीच्या गुडघ्याचं विचारलं आणि ठेवून दिला. येशी का, हे विचारलंच नाही. समोरच्या बाईने हात पुढे केलेला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी मावशी नानांना म्हणाली की मी माहेरी चालले, आखाजी करूनच येईन.

नानांनी तिला पुष्कळ समजावलं. सण उलटला की जा, महिनाभर राहा, कोण अडवतंय? मगनकाका म्हणाला, तुझं दुकान बंद दिसलं की लेकी वरच्या बाजारात वळतील, मग घागरी काय मी माझ्याच डोक्यावर घेऊन फिरू? चूक दोघांचीही नव्हती. मावशी ऐकून घेत होती. दुकानात ती कधी अहिराणी बोलत नसे, पण तेव्हा बोलली.

"मायनी इचारनं सोडी दिधं, भाऊ."

नाना दोराचं टोक उगाच वळत बसले. शेवटी शेवंताबाईने हात पुढे केला. "किल्ली दे. आम्ही बसतो. फुटेल ती गल्लीची."

गावातल्या प्रत्येकीच्या हाताचं माप मावशीला तोंडपाठ. आईसाठी मात्र तिने तीन मापांच्या बांगड्या बांधून घेतल्या आणि सकाळच्या धुळ्याच्या एसटीत बसली.

आखाजीच्या दिवशी लेकी आल्या. शेवंताबाईचे हात सांजोऱ्या थापणारे. बांगडी चढवायची तर ती जोर लावायची, आणि कट्‌. तिने मावशीचं "सैल सोड गं राणी" सुद्धा म्हणून पाहिलं, तर मुलगी घाबरून आणखीच ताठ झाली. नाना दर आवाजाला कळवळायचे, पण तुकडे स्वतः उचलून सुपात टाकायचे. लेकी हसत होत्या, वाट बघत होत्या, वरच्या बाजारात कोणी गेली नाही. दोर खपत होता.

दुपारी नानांना राहवलं नाही. स्पीकर लावून त्यांनी मावशीला फोन केला आणि तक्रार सुरू केली, "अक्का, सूप भरत आलं." नेमकी तेव्हाच आणखी एक फुटली. मावशीने ती ऐकली असणार. तिकडून झोक्याची करकर येत होती, बायकांचं गाणं येत होतं. त्यातून म्हातारा आवाज आला, "कोन शे वं?"

मावशी तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली,

"कोनी नही माय. बजार शे."