काकाच्या बेंजोवर पॉवर पॉप

आज शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासानं मी थेट कॉलेजच्या सुट्टीत, धारूरला पोचले. लग्नांत बेंजो वाजवणारा माझा काका ओसरीवर बेंजोच्या बटणांना असलंच तेल देत बसला होता. मी पुण्याहून आणलेली पॉवर पॉपची, म्हणजे गोड चालींच्या इंग्रजी रॉक गाण्यांची, कॅसेट लावली. गिटारी खणखणल्या, चार गळे एकदम उंच चढले. काका हसेल असं वाटलं. त्यानं तर पहिलंच गाणं तीनदा ऐकलं.

"शब्द कळत न्हाईत," तो म्हणाला, "पण गाणारा गडी लई खूश हाय, अन् त्याच दमात रडतोय बग."

मला तोवर त्यात नाचच ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी एका लग्नात, नवरी सासरी निघताना, काकानं तीच चाल धरली. वऱ्हाड बेभान नाचलं. नवरीचा बाप मात्र मांडवाचा खांब धरून डोळे पुसत होता.