आत्याचं गाठोडं

कळसहून सरळ बारामतीला जायचं सोडून तात्यांनी फटफटी शेळगावकडं वळवली आणि माझं डोकं सणकलं. तात्या म्हणजे माझे वडील. माझी पत्र्याची पेटी सकाळीच दुधाच्या टेम्पोतून पुढं गेली होती, कॉलेजच्या वसतिगृहात माझी खोली ठरली होती, आणि ज्या घराची मला धास्ती होती नेमक्या त्याच घराकडं आम्ही निघालो होतो.

"आक्काला न भेटता फुडं गेलो तर जन्मभर बोलंल ती," तात्या म्हणाले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. आमच्याकडं भावाची मुलगी सून म्हणून मागायचा पहिला मान आत्याचा. तिचा मुलगा लोणी देवकरला कंपनीत लागला होता. सरळ, हसरा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नाव ठेवायला जागाच नाही, ही खरी पंचाईत! त्यात तात्यांनी आजवर आक्काचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तिनं "पोरगी दे" म्हणायचा अवकाश, माझं कॉलेज उसाच्या सरीत गाडलं गेलं असतं.

घाई हा प्रकार तात्यांना ठाऊकच नव्हता. कुणाचा ऊस चांगला दिसला की गाडी थांबवायची, बांधावरच्या माणसाला हाक मारायची, खत कुठलं टाकलं ते विचारायचं. कालव्यावर उतरून तोंड धुवायचं. चहाला कुणी बोलावलं तर नाही म्हणायची सोय नाही, माणसं रुसतात. बशीत ओतून चहा पिताना तात्या माझ्याकडं बोट करून सांगायचे, "कालिजात चाललीया, बारामतीला." ऐकून मी फुगायचे. मग शेळगाव आठवायचं आणि पुन्हा आंबट तोंड करून बसायचे.

आत्या अंगणातच उभी होती. ठेवणीतलं लुगडं, तेल लावून चापूनचोपून बांधलेला अंबाडा आणि पायाशी हे एवढं मोठं गाठोडं.

"आक्का, कुठं निघालीस?"

"तुमच्या संगं. बघू तरी कसलं कालिज हाय ते."

मी गाठोड्याकडं बघतच राहिले. मागणी घालायची तर साडीचोळी, ओटी, पाहुण्यांना खाऊ, असं सगळं गाठोड्यात बांधून न्यायची आमच्याकडं रीतच आहे. माझा नवरदेव गाठोड्यात बांधून आत्या माझ्याच मागं बसली. तात्या पुढं, मी मधे, आणि ते गाठोडं सबंध रस्ता माझ्या पाठीला ढुसण्या देत होतं.

आत्या मात्र भलतीच खुशीत. वाटेत शेतात खुरपणाऱ्या बायका दिसल्या की ओरडायची, "भाचीला घिऊन चाललीय गं!" कुठं घेऊन चाललीय ते मात्र सांगत नव्हती. मला तर त्या गाठोड्याला लाथ घालावीशी वाटत होती.

बारामतीत शिरल्यावर कऱ्हेच्या काठचं जुनं देऊळ बघून झालं, पेठेत बांगड्यांच्या दुकानापुढं रेंगाळून झालं, भेळ खाऊन झाली. अखेर कॉलेजचं फाटक आलं. आत लिंबाच्या झाडांखालून मुली सायकली दामटत चालल्या होत्या. आत्यानं एकीला अडवलंच.

"बाय, तू हितं सायकल हाणतीस, तुज्या आईला ठावं हाय का?"

"आईनंच घेऊन दिलीय, मावशी," ती हसून म्हणाली आणि घंटी वाजवत निघून गेली.

आत्या तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग स्वतःशीच मान हलवत पुढं निघाली, आणि आत्या अशी मान हलवते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत.

वसतिगृहात पुरुषांना ओसरीच्या पुढं मज्जाव होता. तात्या बाकावर टेकले. आम्ही दोघी खोलीत गेलो. आत्यानं खिडकी उघडून पाहिली, भिंतीवर हात फिरवला, माझी पेटी नीट सरकवली. मग लोखंडी कॉटवर गाठोडं ठेवून ती गाठ सोडायला लागली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

आतून गोधडी निघाली. नुसती गोधडी. जुन्या लुगड्यांचे हिरवे, जांभळे तुकडे, बारीक टाके, कडेला लाल पट्टी.

"ही मी सुनंसाठी शिवली हुती," आत्या म्हणाली. "म्हंजी तुज्यासाठीच. आता हितं पांघर. पोराला सांगितलंय, ती शिकायला चाललीया, तिची वाट बघू नगं."

मी तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. ज्या आत्याला सबंध रस्ताभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्यावर माझा इतका जीव आहे हे मला तेव्हा कळलं.

"पुरं, पुरं. लुगडं भिजलं," म्हणत तिनं मला बाजूला केलं. गोधडी कॉटवर अंथरली, वहाणा काढल्या आणि भरदुपारी त्यावर पाय लांब करून चक्क आडवी झाली. पंख्याकडं बघत स्वतःशीच हसली. तिला दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

बाहेरून तात्यांची हाक आली, "आक्का, निघायचं का? उशीर हुतोय!"

आत्यानं डोळे मिटले.

"वाईच थांब की रं," ती आतूनच ओरडली. "मी कालिजात हाय!"