बोटीवर बाबांना जपताना

आमच्या घरात मी अक्षरं गिरवण्याआधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. बाबा सातिवलीच्या एका लहान कारखान्यात यंत्रावर होते आणि कामगारांच्या संघटनेचं कामही बघायचे. त्यामुळे संप असो, पगारवाढ असो, नाहीतर पिण्याच्या पाण्याची मागणी असो, पत्रकांचे गठ्ठे आधी आमच्या चंदनसारच्या घरात यायचे. त्यातली वाक्यं वाचतच मी मोठी झाले. म्हणून ऐषारामी जहाजावर सहलीला जायचं ठरलं, तेव्हा त्या जहाजाविरुद्ध निदान तीन पत्रकं मी मनात लिहून टाकली होती.

तरी गेलो, कारण बाबांना जायचं होतं. त्यांचं सगळं लहानपण खाडीकाठच्या शेतावर गेलं. भरतीचं पाणी बांध फोडून भातात शिरलं की ते काढायचं, एवढीच त्यांची आणि समुद्राची ओळख. ‘चारी बाजूंना काठ नाय असं पानी एकदा बघायचंय,’ असं ते किती वर्षं म्हणत होते. मला नोकरी लागली आणि मी लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या पाच दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्या होडीतसुद्धा आईला मळमळतं, म्हणून ती घरी राहिली.

भीती एकच होती. बाबांचं एक मूत्रपिंड काढलेलं आहे आणि उरलेलं जेमतेम काम करतं. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण सोबत ताकीदही दिली. ‘जहाजावर पोटाची साथ फार लवकर पसरते. उलट्या-जुलाबांनी यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर हे मूत्रपिंड ते सोसणार नाही. सांभाळायचं.’

मी सांभाळायला बसले म्हणजे काय करणार? पत्रकच लिहिलं. कच्चं काही खायचं नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत, नळाच्या पाण्याचा बर्फ नाही, जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, कठड्याला धरलेला हात तोंडाकडे न्यायचा नाही. बाबांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“भाषा जरा तापलीय,” ते म्हणाले. “जंतूला शिव्या देऊन जंतू मरत नाय, बाय.”

पत्रकात एक गोष्ट लिहायची राहिली होती, कारण ती लिहिण्याचं मला धाडस झालं नाही. बाबा प्रत्येक कामगाराशी हात मिळवतात. दोन्ही हातांनी, गाव विचारत. हॉटेलात पाणी आणून देणाऱ्याशी, रस्ता झाडणाऱ्या बाईंशी, गटारात उतरून वर आलेल्या माणसाशीही. तो हात लोक टाळतात म्हणून आपण तो आधी धरायचा, हे त्यांनी मला भाषणातून शिकवलं नाही. मी ते बघतच वाढले.

जहाजावर तर त्यांना पर्वणीच होती. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनात शिरण्याआधी त्यांनी सात जणांशी हात मिळवला. मी मागून त्यांना सारखी बेसिनकडे ढकलत होते.

“अगं, सालं निघतील हातांची.”

“निघू देत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टजवळ एका प्रवाशाला उलटी झाली. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता आणि एक सफाई कामगार गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होते. चाळिशीचे असतील. मास्क, प्लास्टिकचा एप्रन, हातमोजे. ब्लीचचा वास डोळ्यांत शिरत होता. लोक भिंतीला चिकटून, नाक दाबून पुढे सरकत होते. एका बाईंनी तर त्यांनाच विचारलं, “कुठून आणलीत ही घाण?”

काम संपवून त्यांनी हातमोजे पिशवीत टाकले. बाबा थांबलेलेच होते.

“गाव कोनचं?”

“गुहागरकडचा, काका.”

बाबांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या तोंडून ओरड निघाली. “बाबा! हात लावू नका त्यांना!”

सगळा पॅसेज वळून बघायला लागला. ते शब्द कोणत्या जुन्या तोंडांतून, कोणत्या माणसांविरुद्ध निघत आले आहेत, हे मला तोंडातून बाहेर पडताक्षणी कळलं. असल्या शब्दांविरुद्धच्या किती पत्रकांच्या घड्या मी घातल्या होत्या.

बाबा रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “बाय, हे वाक्य आपल्या घरातलं नाय.”

मी मान खाली घालून माफी मागितली. बाबांचं मूत्रपिंड, डॉक्टरांची ताकीद, सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्या माणसाने मास्क नीट केला. “ताई, शब्द लागला, खोटं कशाला बोलू. पण गोष्ट बरोबर सांगितलीत. मी स्वतः मला आत्ता हात लावू देत नाही कोणाला. आणि काका, माझ्याशी हात मिळवायचा तर दोघांनाही आधी धुवायला लागेल. या माझ्यासोबत.”

जेवणाच्या दालनाबाहेर बेसिनं होती. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. बाबांनी सवयीने भिंतीवरच्या जंतुनाशक जेलच्या बाटलीखाली हात धरला.

“ती या साथीला पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणी. अंगठा विसरायचा नाही, सगळे अंगठाच विसरतात. आता नखं. मनात वीस मोजा.”

“आम्ही कारखान्यात कपड्याची पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन ग्रीस काढायचो,” बाबा म्हणाले. “पन ग्रीस दिसतं तरी.”

“हे दिसत नाही, तिथेच तर घोळ आहे. म्हणून लोकांना आम्ही दिसतो.”

वीस मोजून झाल्यावर हात कागदाने कोरडे करून त्यांनी हात मिळवला. त्यानंतर बाबा प्रत्येक वेळी अंगठ्यापासून धुवायला लागले.

मी मात्र दिवसभर स्वतःवर चिडून होते, आणि चिडले की मी नखं खाते. बाबांचा फोन, खुर्चीचे दांडे, दाराची मूठ, सगळं मीच पुसत होते आणि मध्येच तीच बोटं तोंडात घालत होते. माझ्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोटात कळ आली आणि उलटीची उबळ आली. मी धावत बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

“उघड,” बाहेरून बाबा.

“नाही. तुम्ही खोलीतून जा. काउंटरवर सांगा, दुसरी खोली मागा.”

“मी तुझा बाप हाय.”

“म्हणूनच जा.”

लहानपणी मला उलटी व्हायला लागली की ते कपाळावर हात धरून उभे राहायचे. उलटी होऊन गेल्यावरही तो हात तिथेच असायचा. आता ते दाराच्या पलीकडे होते, आणि मी रडत ओरडत होते की जा. बराच वेळ पावलं हलली नाहीत. मग नळाचा आवाज आला. खोलीतल्या दाराजवळच्या छोट्या बेसिनवर ते हात धूत होते. मग दार बंद झालं.

जहाजाच्या डॉक्टरांनी मला खोलीतच राहायला सांगितलं आणि बाबांना समोरची रिकामी खोली दिली. त्यांच्याकडेही लक्ष ठेवा, असं मी तीनदा सांगितलं. थोड्या वेळाने खोलीतला फोन वाजला.

“मीठ-साखरेचं पानी हाय जवळ? एक घोट घे. घेतलास? आता पाच मिनिटं थांब. फोन ठेवू नको.”

“बाबा, तुमच्या पोटात काही वाटतंय?”

“भूक वाटतेय. घोट घे.”

संध्याकाळपर्यंत असंच चाललं. दर पाच मिनिटांनी घोट, आणि दर घोटामागे माझा तोच प्रश्न. शेवटी ते वैतागले. “अगं, तूच विचारून विचारून मला मळमळायला लावशील!”

बोटीवरून उतरल्यावर ते माझ्यापुढे दहा पावलं चालत होते, मागे वळून वळून बघत. घरीही दोन दिवस मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. आई दाराशी पेजेचं ताट ठेवून जायची. मग बाबांची रक्ततपासणी झाली. रिपोर्ट मोबाइलवर आला. मूत्रपिंडाचे आकडे जाण्याआधी होते तेवढेच होते. मी ते दोनदा ताडून बघितले, आईला ओरडून सांगितलं आणि बाथरूममध्ये शिरले. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला आणि मनसोक्त रडले.

बाहेरून दारावर टकटक झाली.

“बाय, पानी वाया चाललंय. बाहेर येऊन रड.”