शीग लावलेला चमचा

"सिस्टर, आज चौथा दिन है. कुछ किया ही नहीं इसने."

असं म्हणत तिने पाच महिन्यांचा मुलगा माझ्या टेबलावर ठेवला. मागे तिची सासू उभी, हातात एरंडेलाची बाटली.

कॅम्पमधल्या दवाखान्यात मी नर्स होते, नवीनच. लष्कराच्या जुन्या बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं राहत होती. या बाईला अंगावरचं दूध नव्हतं. मुलासाठी तिला दवाखान्यातून दुधाची पावडर मिळायची. ती कशी कालवायची हे मीच शिकवलं होतं.

मूल कुंथून कुंथून लाल झालं होतं. मी घाबरले. तान्ह्या मुलाच्या आतड्याला पीळ पडला तर शी थांबते आणि मग जिवावर बेततं. डॉक्टर दुसऱ्या कॅम्पात गेलेले.

"हरी उलटी हुई? खून आया?"

"नहीं. दूध तो पूरा पीता है."

पोट दाबून पाहिलं. फुगलेलं, पण मऊ. तरी माझं मन काही थाऱ्यावर येईना.

"एक चम्मच देती हूँ, पेट साफ," सासूबाई म्हणाल्या. मी बाटली काढूनच घेतली. एवढ्याशा जिवाला एरंडेल म्हणजे जुलाब, आणि मग ते थांबवताना आपली पाचावर धारण. खोटं कशाला बोलू, माझाही हात शिवशिवत होता. आमच्या अंबरनाथला म्हाताऱ्या बायका विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावतात. पण जागा नाजूक. एक ओरखडा गेला की मूल शी करायलाच घाबरतं.

दुपारी डॉक्टर आले. मुलाला नीट तपासलं आणि माझ्याकडे वळले.

"ही दूध कसं कालवते ते बघितलंत?"

"शिकवलंय ना, डॉक्टर."

"ते नाही विचारलं. बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. डबा मागवला. तिने चमचा भरला, त्यावर शीग लावली आणि बोटाने आणखी थोडी पावडर चढवली.

"इतना?" मी ओरडलेच.

"आपने ही बोला था. भर के."

बोलले होते खरी. मला म्हणायचं होतं काठाबरोबर, सपाट. मी सुरीने वरची शीग उतरवली तशा सासूबाई भडकल्या. "बच्चे का हिस्सा काटती हो?" त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडेही द्यायचं माप शिगेचंच असतं. पण पावडर जास्त आणि पाणी कमी झालं की शीचा खडा होतो.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. दूध मापात. मधे दोन घोट उकळून गार केलेलं पाणी. सायकल चालवल्यासारखे पाय हलवायचे, पोटावरून हलका गोल हात फिरवायचा. उलटी झाली, पोट ताठलं किंवा दूध सोडलं तर धावत यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती भरलेला लंगोट हातात घेऊन. सगळ्या रांगेला दाखवला. मला रडूच आलं.

डोळे पुसले आणि डबा टेबलावर ठेवला. रांगेतल्या पावडर नेणाऱ्या प्रत्येकीला म्हटलं, चमचा भरून दाखव. सांगितलं म्हणजे कळलं असं नसतं, ते करवून घ्यावं लागतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. नऊजणी होत्या. आठजणींनी शीग लावली.

नववीने सपाट भरला. ती नवीन होती, तिला मी अजून शिकवलं नव्हतं.