ओदिलच्या चुलीवरचा सिंह

आमच्या लक्झेंबर्गमधल्या या गावात किल्ल्याचा दगड नसलेलं घर सापडणार नाही. जुन्या काळी धन्याने किल्ला मोडीत काढला, तेव्हा गावाने दगड उतरवून घरं बांधली. त्याची लाज कुणाला वाटायची? ओदिल वेल्टरच्या चुलीवर तर अख्खा कोरीव सिंह बसवलाय. त्याच्या जबड्याला ती जन्मभर ओले मोजे अडकवत आली.

आता किल्ला पुन्हा उभा राहिलाय, पर्यटकांच्या बस येतात. यंदा किल्ल्याचे नवे संचालक रेडिंग ओदिलकडे आले.

"ओदिलबाई, हा सिंह दरबारातला. परत द्या. लोक लांबून किल्ला बघायला येतात हो."

"मग इकडे पाठवा त्यांना. किल्ला इथेही आहे."

"इथे? स्वयंपाकघरात?"

"का, स्वयंपाकघराला काय धाड भरलीय? माझ्या पणजीची आजी तुमच्या दरबाराची फरशी घासत मेली. तिला कुणी मान वर करून हा सिंह बघू दिला नाही. आता तो आमच्याकडे धूर खातोय, खाऊ दे!"

रेडिंग आठवडाभर धुमसले. शेवटी रविवारी स्वतःच पर्यटकांना घेऊन आले आणि ओदिलचं पुढचं दार ठोठावलं.

आतून आवाज आला, "तिकडून नाही! मागून या, कोंबड्यांच्या खुराड्याजवळून."

"मागून कशाला?"

"किल्ल्यात आम्हाला पिढ्यानपिढ्या मागूनच घेत होते. आणि पाय पुसून या. फरशी मी घासलीय."