कुरणाची माती कॉलेजात जाते

आमचं घर परतवाड्याच्या पुढे, डोंगर सुरू व्हायच्या जरा अलीकडे. आठ गावरान गायी, तीन म्हशी आणि चार एकर कुरण. मी अकोल्याला कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे कुणी विचारलं नाही तरी सल्ला द्यायच्या वयात. सुट्टीत घरी गेलो की गायीनं कसं उभं राहावं हे मी गायीलाच समजावत असे.

त्या वर्षी बाबांच्या डोक्यात संत्रा शिरला. कुरण नांगरून बाग लावायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. कुरण गेलं की गायी विकाव्या लागणार हे त्यांनाही ठाऊक होतं, पण तो विषय ते काढत नसत. गोठ्यात तर मुळीच नाही. मला गायी ठेवायच्या होत्या. कुरणाचे चार भाग पाडायचे, एकात चराई, बाकीच्या तिघांना विश्रांती, असा माझा आराखडा होता आणि तोच माझा कॉलेजचा प्रकल्प. बाबा म्हणाले, गवताला सुट्टी देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

भांडून भांडून शेवटी ठरलं की कॉलेजात माती तपासायची. चांगली निघाली तर संत्रा, वाईट निघाली तर गायी. मी ताबडतोब कबूल झालो, कारण ते कुरण म्हणजे अस्सल बरड. वीतभर खणलं की मुरूम आणि चुनखडी. तिथे संत्र्याचं झाड पिवळं पडून मरणार, हे पुस्तक न उघडताही कळत होतं. मी जिंकल्यातच जमा होतो.

परीक्षेमुळे मला घरी जाता येईना, म्हणून नमुना घ्यायचं काम बाबांवर सोपवलं. फोनवर सगळं समजावलं. आठ-दहा ठिकाणी खड्डे करायचे, खड्ड्याच्या कडेची माती घ्यायची, एकत्र कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. बाबा प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. मला तिथेच शंका यायला हवी होती.

गावातला एक जण अकोल्याला येणार होता, त्याच्या हाती पिशवी आली. नवं कोरं कापड, वर घट्ट गाठ. आतली माती अशी काळीभोर आणि मऊ की खाली ठेववेना. एक खडा नाही. आमच्या कुरणात अशी माती मी कधी पाहिली नव्हती, पण बाबांनी पाठवलीय म्हणजे कुरणातलीच असणार, असं म्हणून मी ती प्रयोगशाळेत दिली.

अहवाल आला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, भरपूर, चुनखडी नावाला. सरांनी मला वर्गात उभं केलं आणि विचारलं, हे कुरण आहे की शेणखताचा खड्डा? खताजवळची माती नमुन्याला घ्यायची नाही, हा तर पहिला धडा. नमुना खोटा असेल तर प्रकल्प रद्द, असंही त्यांनी सांगितलं. माझे बाबा खोटं बोलत नाहीत, एवढंच मी म्हणालो, आणि सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी रागारागानं फोन केला. तुम्ही जिंकलात, लावा बाग, असं म्हणून सरांचं बोलणंही ऐकवलं. पलीकडे आईनं बाबांच्या हातातून फोन घेतला आणि खरं काय ते सांगितलं. बाबांनी कुरणात खड्डे केले होते, माती धोतरावर पसरलीही होती. पण ते दगडगोटे आणि मुळ्या पाहून त्यांनाच कसंतरी झालं. एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर असली माती पाठवायची? म्हणून त्यांनी गोठ्यामागच्या मेथीच्या वाफ्यातली माती भरली आणि आईकडून ती गव्हाच्या चाळणीनं चाळून घेतली. संत्र्याचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता.

"तुले चार लोकायत खाली पाहा लागू नये म्हून केलं त्यायनं," आई म्हणाली.

पाहुणे बघायला येणार म्हणून मुलीला नटवावं, तशी माती नटवली होती. मी एवढा हसलो की शेजारच्या खोलीतली पोरं बघायला आली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मात्र मी तोंड धुवायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कॉलेजच्या दारात. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खांद्यावर धुतलेलं गव्हाचं पोतं. अर्धा किलोवर कुणी शंका घेऊ नये म्हणून कुरणाच्या मातीनं गच्च भरून आणलं होतं. एसटीत कंडक्टरनं त्यात काय आहे विचारलं तेव्हा माती म्हणाले, तर त्यानं विश्वासच ठेवला नाही. पोतं त्यांनी थेट सरांच्या टेबलावर ठेवलं आणि त्याची सुतळी सोडली. दोन गोटे घरंगळून सरांच्या वहीवर आले.

"पयली माती माया गोठ्यामागची होती, सर. ही कुरणाची हाये. चूक मायी हाये, पोट्ट्याची नाई."

सर उठून उभे राहिले. त्यांनी खुर्ची दिली, पण नमुना घेईपर्यंत बाबा बसले नाहीत.

आठवड्यानं दुसरा अहवाल घेऊन मी घरी गेलो. बाबा गाय दोहत होते. मी वाचत गेलो. चुनखडी जास्त, कर्ब कमी, संत्र्यासाठी जमीन अयोग्य. वाचता वाचताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पहिल्या पिशवीवर ते गप्प बसले असते तर बाग त्यांचीच होती. फाटक कोणत्या कोपऱ्यात बसवायचं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. जिंकल्यावर ऐकवायचं भाषण मी एसटीत पाठ केलं होतं. ते सोडून मी अहवालाची घडी घातली, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

बाबांनी मान वर न करता विचारलं, "तुये मार्क तं नाई ना कापले?"

"नाही, बाबा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि मला वासरू धरायला सांगितलं.