आबांची बोंडं

सकाळी अंगणात उतरलं की आबा आधी एखादं वाळलेलं बोंड कानाशी धरून हलवत. आत बी खुळखुळलं की माझ्या खिडकीकडं बघून म्हणत, "मॅडम, लागला बघा निकाल!"

तळेगाव ढमढेऱ्याच्या हायस्कूलवर माझी नेमणूक झाली, तेव्हा मी आबांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेले. आबा गावचे माजी सरपंच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, झुबकेदार मिशा आणि चहा मागतानाही सभेत उभं असल्यासारखा आवाज. अंगणातली बाग मात्र त्यांच्या बायकोची, काकींची. कुंपणाला गोकर्ण, मध्ये सूर्यफुलं आणि अंबाडीची लांबलचक रांग. सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी अंबाडीची फुलं, फिकी पिवळी, पोटात लाल. काकी पाणी घालायच्या तेव्हा आबा ओट्यावर माणसांच्या गराड्यात असायचे.

दसऱ्यानंतर काकी गेल्या, थोड्याशा आजारपणात. बागेला मग कुणी पाणीच घातलं नाही. सूर्यफुलांनी माना टाकल्या, अंबाडी उभ्या उभ्या वाळली. आबांचा मुलगा सुनील. त्यानं ते सगळं काढून गाडीसाठी शेड घालायचं ठरवलं. सकाळी गडी विळा घेऊन आला, तर आबा वाळक्या झाडांत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेले.

"आबा, कचरा हाय त्यो. लोक हसत्यात," सुनील वैतागून म्हणाला.

"हसू दे. कचेरीपुढं ठिय्या दिला तवाबी हसली व्हती. उठत न्हाई म्हंजी न्हाई."

दुपारी सुनीलनं जेवणाचं ताट तिथंच आणून दिलं. शेड शेवटी घरामागं झाली.

पुढच्या पावसाळ्यापासून आबा बागेला लागले, ते बोंडांसाठीच. भेंडी तोडायची नाही, झाडावरच वाळू द्यायची. कांद्याचे गोल गोंडे होऊ द्यायचे, शेपूच्या छत्र्या. शेजारीण म्हणाली, "आबा, भाजीला तरी द्यायचा व्हता की शेपू." आबा म्हणाले, "फुलं म्हंजी प्रचार, बाई. नुसता गलका. बोंड म्हंजी निकाल. तवर थांबाया पायजे." सूर्यफुलांवर पोपट उतरले तरी हाकलत नसत. "त्येंचाबी कोटा हाय." मग देठ कापून, जुड्या बांधून ओट्यावर उलट्या टांगत. ओट्यावरची माणसं कमी होत गेली, जुड्या वाढत गेल्या.

एका दिवाळीच्या सुट्टीत माझी दौंडला बदली झाली. टेम्पोत सामान भरून झालं, तेव्हा आबा गेल्या वर्षीची अंबाडीची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले.

मी म्हटलं, "आबा, काकींना फार आवडली असती तुमची बाग."

आबा जुडीची सुतळी सोडून पुन्हा बांधत राहिले. मग इतक्या हळू बोलले, की मला पुढं सरकावं लागलं.

"ती व्हती तवा ह्या बागेत मी कवा पाय ठिवला न्हाई, मॅडम. सकाळी हाक मारायची, 'अंबाडी फुललीया, बघा तरी, दुपारी मिटंल.' मी म्हणायचो, मीटिंग हाय. फुलं तिनं एकटीनंच बघितली. मला आपली वाळल्यावर दिसली."

मी जुडी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो फाटकाबाहेर पडताना मागं वळून पाहिलं. आबा एका झाडापाशी वाकून उभे होते. त्या सकाळी अंबाडी फुलली होती.